इथे ग्रीक कोण तपासणार? नाशिकमधल्या एका संशोधन-कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली व्यक्ती, महाविद्यालयं आणि मार्गदर्शक यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील संबंधितांना विचारून बदलले आहेत. कॉलेजात सगळे त्यांना मॅडम म्हणतात, म्हणून इथेही मॅडमच. मी याच शहरात इतिहास शिकवून निवृत्त झालो. त्यांच्या वाटचालीत दोन वळणांवर मी हजर होतो, आणि एका वळणावर मी दिलेला सल्ला चुकला. तो भाग पुढे येईलच.

पार्श्वभूमी

मॅडम पंचवटीत वाढल्या. वडील एस.टी.त कंडक्टर. शाळेत पूर्ण संस्कृत घेतलेलं, बी.ए.ला इतिहास. जगाच्या इतिहासाच्या पेपरात अथेन्स दहा-बारा पानांत उरकलेलं असतं: सोलोन, क्लायस्थिनीस, पेरिक्लीज, लोकशाही, संपलं. त्या पानांनी कोणी ग्रीक इतिहासाकडे वळेल असं मला वाटत नाही. मॅडम वळल्या त्या सार्वजनिक वाचनालयात मिळालेल्या, अथेन्स-स्पार्टा युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसच्या एका जुन्या इंग्रजी भाषांतरामुळे. त्यातही युद्धात पडलेल्यांसाठी पेरिक्लीजने केलेल्या गाजलेल्या भाषणाने नव्हे, तर त्याच दुसऱ्या खंडातल्या तेराव्या प्रकरणातल्या हिशेबाने.

युद्ध तोंडावर आलेलं असताना अथेन्सचा नेता पेरिक्लीज तिथल्या लोकांना तिजोरी मोजून दाखवतो. अक्रोपोलिसवर ६००० टॅलेंट चांदीची नाणी आहेत. अगदीच वेळ आली तर अथीना देवीच्या मूर्तीवरचं ४० टॅलेंट वजनाचं सोनं काढता येईल, मात्र वापरलं तर तेवढंच परत चढवावं लागेल. टॅलेंट हे वजन आणि तेवढ्या वजनाच्या चांदीची रक्कमही; एक टॅलेंट म्हणजे ६००० द्राख्मा, द्राख्मा हे तिथलं चांदीचं नाणं. मॅडम सांगतात, "हे वाचलं आणि मला गडावरच्या देवीचे दागिने डोळ्यांसमोर आले. देवीचं सोनं उसनं घ्यायचं, वर ते परत करायचं बंधनही स्वतःवर घालून घ्यायचं, ही काय भानगड आहे ते मला बघायचंच होतं."

एम.ए. झालं, सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झाली आणि नेहमीचा प्रवास सुरू झाला. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, दुपारी दुसऱ्या. मधल्या पाऊण तासात गंगापूर रोडने स्कूटी हाकत जायचं. मे महिन्यात पगार नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. शिकवायला मिळायचा मराठ्यांचा इतिहास, आधुनिक भारत आणि कोणी रजेवर असेल तर राज्यशास्त्रसुद्धा.

या धावपळीत त्यांनी ग्रीक शिकायला घेतलं. वय सत्तावीस. शरणपूर रोडच्या बाजूला राहणारे एक निवृत्त धर्मगुरू त्यांना आठवड्यातून दोनदा, सकाळी सातला शिकवत. फादरांचं ग्रीक बायबलच्या नव्या कराराचं, म्हणजे कोईनी. थ्युसिडिडीस त्याच्या साडेचारशे-पाचशे वर्षं आधीचा, शिवाय अथेन्सच्या अॅटिक बोलीतला आणि वाक्यं गुंतवून ठेवण्यात पटाईत. पण सुरुवात झाली. संस्कृत इथे कामाला आलं. 'फेरो' पाहिलं की 'भरामि', 'दिदोमि' पाहिलं की 'ददामि', 'एस्ति' म्हणजे 'अस्ति'. भूतकाळात क्रियापदाआधी 'ए' लागतो तो आपल्या 'अभवत्'मधल्या 'अ'चा सख्खा भाऊ. आत्मनेपद तिकडेही, द्विवचन तिकडेही. फादर म्हणत, इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जे सहा महिने समजत नाही ते तुम्हाला आजीने शिकवलेलं आहे.

अडचण

पीएच.डी.साठी मॅडमनी मांडलेला विषय असा: इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्सने स्वतःच्याच देवीकडून घेतलेली कर्जं. हा विषय हवेतला नाही. डेलियन संघाची, म्हणजे अथेन्सच्या नेतृत्वाखालच्या ग्रीक शहरांच्या संघाची, तिजोरी इ.स.पू. ४५४ मध्ये अथेन्सला हलवली, तेव्हापासून खंडणीचा साठावा हिस्सा अथीनाला जात होता आणि त्याच्या याद्या दगडावर कोरल्या जात होत्या. पुढे युद्धासाठी राज्याने देवळांच्या निधीतून रक्कम उचलली, तिचाही हिशेब दगडावर आहे. इ.स.पू. ४३३ ते ४२२ या अकरा वर्षांत उचललेली मुद्दल साडेपाच हजार टॅलेंटच्या वर जाते. शेवटच्या चार वर्षांचं व्याज दिवसागणिक मोजलेलं आहे: पाच टॅलेंटमागे रोज एक द्राख्मा. म्हणजे वर्षाला सव्वा टक्क्याच्याही आत. त्याआधीचा दर अभ्यासक सहा टक्क्यांच्या आसपास मानतात, म्हणजे एका टॅलेंटमागे रोज एक द्राख्मा. युद्ध लांबलं आणि देवीने व्याजाचा दर पाचपटीने उतरवला. म्हणजे अर्थात माणसांनीच उतरवला.

संशोधन समितीपुढे सिनॉप्सिस गेला, तेव्हा तीन प्रश्न आले. मार्गदर्शक कोण? साधनं कुठे? आणि नाशिकच्या संशोधकाने हा विषय का घ्यावा? पहिल्याला तयार उत्तर नव्हतं, कारण मान्यताप्राप्त मार्गदर्शकांच्या यादीत ग्रीक वाचणारं कोणीच नव्हतं. दुसऱ्याला होतं: बहुतेक ग्रीक ग्रंथ आणि शिलालेखांचे पाठ आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तिसरा प्रश्न मला तेव्हा रास्त वाटला होता. आज वाटत नाही. फ्रेंच माणूस पांडवलेण्यांवर लिहू शकतो (एमिल सेनारने नाशिकचे शिलालेख 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात छापले, ते आपण आजही वापरतो), तर पंचवटीतल्या बाईने अथेन्सवर का लिहू नये?

खरा प्रश्न चौथा होता आणि तो कोणीच विचारला नाही. हे काम तपासणार कोण?

समोर असलेले पर्याय

एक म्हणजे विषय तसाच ठेवायचा, पुण्यात किंवा दिल्लीत मार्गदर्शक शोधायचा आणि गरज पडली तर एक-दोन वर्षं तिकडे राहायचं. दिल्लीत जेएनयूमध्ये ग्रीक अभ्यासाचं दिमित्रिओस गालानोस अध्यासन २००० पासून आहे. पण तासिकेवरच्या माणसाला रजा नसते. तुम्ही वर्षभर गेलात की जागा गेली. वडिलांचं तेव्हा डायलिसिस चालू होतं. हा पर्याय कागदावरच राहिला आणि त्याबद्दल मॅडमना दोष देणारा मी कोण?

दुसरा म्हणजे विषय पूर्ण बदलायचा आणि घराजवळचे ग्रीक घ्यायचे. पांडवलेण्यांतल्या १७ क्रमांकाच्या लेण्याचा दाता स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्री नगरीचा 'योणक', म्हणजे यवन किंवा ग्रीक, म्हणवतो. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेले खांब आहेत, जुन्नरला यवनांची दानं आहेत. ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला, शक, यवन आणि पह्लव यांचा संहार करणारा म्हणते. साधनं हाताशी, मार्गदर्शक हाताशी, समिती खूश.

तिसरा पर्याय त्या वेळी कोणाच्या डोक्यात नव्हता.

दुसरा पर्याय सुचवणाऱ्यांत मी होतो. आग्रहाने सुचवणारा, खरं तर. "मॅडम, ग्रीक तुमचं राहील, नुसता पत्ता बदलेल," असं मी म्हणालो होतो. वाक्य चटपटीत होतं, म्हणून मला ते आवडलं होतं.

काय केलं

मॅडमनी विषय बदलला. मार्गदर्शक मिळाले, नोंदणी झाली आणि पुढची दोन वर्षं त्या लेण्यांत आणि अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात होत्या. ब्राह्मी शिकल्या. मिराशींचा सातवाहन-क्षत्रपांवरचा ग्रंथ पाठ होईपर्यंत वाचला. १९०६ मध्ये जोगलटेंभीला सापडलेल्या, क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांवर काम केलं. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं आहेत, पण भाषा ग्रीक नाही. प्राकृतच ग्रीक लिपीत लिहिलेलं आहे. आपण मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितो तसंच.

अडचण अशी झाली की या विषयात ग्रीक भाषेला करण्यासारखं काही नव्हतं. 'योण' हा शब्द ग्रीकांच्या आयोनिया प्रांतावरून इराणी वाटेने आला, दत्तामित्रीचा संबंध डिमेट्रियस या ग्रीक राजाशी जोडला जातो, एवढं सांगितलं की ग्रीक संपतं. उरलेलं सगळं प्राकृत. आणि ज्याच्या बापाचं नाव धम्मदेव आणि मुलाचं धम्मरक्षित, तो इंद्राग्निदत्त स्वतःला कितपत ग्रीक समजत होता, हे त्याच्या मोजक्या ओळींवरून कोणीही ठरवू शकत नाही. त्यात 'यवन' हा शब्द मराठी कानाला बखरींमुळे वेगळाच ऐकू येतो. एका व्याख्यानानंतर एक गृहस्थ मॅडमना भेटले आणि म्हणाले, "लेणी यवनांनी फोडली हे ऐकलं होतं, त्यांनी कोरलीसुद्धा?" मॅडमनी त्यांना तिथेच उभ्या उभ्या अर्धा तास समजावलं.

दुसऱ्या वर्षाचा प्रगती अहवाल लिहिताना मॅडमच्या लक्षात आलं की अकरा महिन्यांत आपण ग्रीकची एक ओळही वाचलेली नाही. फादर त्याच हिवाळ्यात गेले.

वळण आलं ते १० क्रमांकाच्या लेण्यात. नहपानाचा जावई उषवदात याचा तो प्रसिद्ध दानलेख. वर्ष ४२. त्याने भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) कायम ठेव ठेवली, ती गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे. आपलं गंगापूरजवळचं गोवर्धनच ते. २००० कार्षापण विणकरांच्या एका निकायाकडे, म्हणजे गटाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या निकायाकडे, दरमहा शेकडा पाऊण. लेखातला शब्दच 'पायुन' आहे, आपला पाऊण. मुद्दल परत द्यायची नाही, फक्त व्याज खायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात, राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. दोन हजारांचं शेकडा एकने वर्षाचं व्याज २४०. वीस गुणिले बारा २४०. हिशेब पैशाला पैसा जुळतो.

मॅडमनी हा गुणाकार लेण्यातच, पावतीच्या मागे केला होता. आणि त्यांना पुन्हा पेरिक्लीज आठवला. इथेही धर्माचा पैसा, ठेव, व्याज आणि दगडावर कोरलेला जाहीर हिशेब. पण अथेन्समध्ये राज्य देवीकडून उसनं घेतं आणि व्याज स्वतःच्या नावावर चढवत जातं. नाशिकला दाता ती रक्कम राजाच्या तिजोरीत न ठेवता कोष्ट्यांकडे ठेवतो आणि मुद्दलीला हात लावू नका असं बजावतो. डीलॉस बेटावर अपोलोचं देऊळ लोकांना दहा टक्क्यांनी कर्ज देतं आणि दर वर्षी येणं-देणं कोरून ठेवतं. विश्वास कोणावर ठेवायचा, याची तीन वेगवेगळी उत्तरं.

हा तिसरा पर्याय. देवळाच्या आणि संघाच्या ठेवींचा तौलनिक अभ्यास: अथेन्स, डीलॉस आणि गोवर्धन.

शीर्षकावरून समितीत तासभर वाद झाला. सदस्यांना शीर्षकात 'प्रभाव' हा शब्द हवा होता: ग्रीक अर्थव्यवहाराचा पश्चिम भारतावरील प्रभाव. त्याने विषयाला वजन येतं, नाशिक जोडलं जातं, निष्कर्ष आधीच तयार मिळतो. मॅडमनी नकार दिला. अथेन्सचा हिशेब इ.स.पू. पाचव्या शतकातला, उषवदात इसवी सनानंतरचा. मध्ये पाचशे वर्षांहून जास्त अंतर आणि व्याजी ठेवीची कल्पना एकाने दुसऱ्याकडून उचलली याचा एकही पुरावा नाही. मार्गदर्शक सर म्हणाले, "एक शब्द घाला आणि मोकळ्या व्हा." मॅडम म्हणाल्या, "सर, तो शब्द घातला तर पुढची चारशे पानं मला खोटं बोलावं लागेल." समितीने शेवटी 'तौलनिक' शब्द स्वीकारला, पण नोंदणी नव्याने धरली. दोन वर्षं कागदावरून गेली. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत चांगला निर्णय हाच.

चूक

प्रबंध जवळजवळ पूर्ण झाला तेव्हाची गोष्ट. सादर करायला सहा आठवडे होते.

जुने ग्रीक आकडे दोन पद्धतींनी लिहिले जातात. एका पद्धतीत वर्णमालेतली अक्षरं क्रमाने आकडे म्हणून वापरतात. फादरांनी शिकवली ती ही. हिशेबांच्या शिलालेखांत बरेचदा दुसरी दिसते. तिथे आकड्याच्या नावाचं पहिलं अक्षर हेच चिन्ह. पाच म्हणजे 'पेंते', म्हणून पाय (Π) हे अक्षर. दहा म्हणजे 'देका', म्हणून डेल्टा. शंभर म्हणजे 'हेकातोन', हजार 'खिलिओइ'. पन्नास लिहायचे तर पायच्या पोटात छोटा डेल्टा काढायचा, पाचशेला पायच्या पोटात शंभराचं चिन्ह.

मॅडमनी डीलॉसच्या हिशेबांतल्या नोंदी जुन्या छापील आवृत्तीच्या झेरॉक्सवरून वहीत उतरवल्या होत्या, बरोबर उतरवल्या होत्या. वही मी पाहिली आहे. मग परिशिष्ट टाइप करायला कॉलेज रोडच्या एका डीटीपीवाल्याकडे दिलं. त्याच्या संगणकात पोटात अक्षर असलेलं चिन्ह नव्हतं. त्याने दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी टाकली. वर्षभराने तक्ता करताना मॅडमनी वहीऐवजी ते प्रिंटआउट समोर घेतलं. एका कर्जाची ५०० मुद्दल १०५ झाली आणि ५० व्याज १५ झालं. दर आला सव्वाचौदा टक्के. डीलॉसचा दर दहा, मग या ऋणकोला जास्त का? बुडवा असेल, तारण कमी असेल. यावर मॅडमनी एक आख्खा परिच्छेद लिहिला, आणि तो एका चर्चासत्राच्या संग्रहात छापूनही आला. चर्चासत्रात आम्ही चाळीसजण बसलो होतो. कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही.

ती चूक सापडली योगायोगाने. नहपानाच्या नाण्यांचे फोटो मागायला मॅडम एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे गेल्या होत्या. नाणी जमवणारे गृहस्थ, ब्राह्मी उत्तम वाचतात, ग्रीकचं एक अक्षर येत नाही. मॅडम त्यांना काका म्हणतात. संदर्भ कळावा म्हणून त्यांनी तक्त्याचं प्रकरण काकांकडे ठेवलं. चार दिवसांनी फोन आला.

"मॅडम, हा सव्वाचौदावाला कोण?"

"डीलॉसचा एक ऋणको आहे, काका. त्याला दर जास्त लावलाय."

"अहो, पण सव्वाचौदा असा दर कोण ठरवतं? मी बत्तीस वर्षं कर्जं दिली. दर माणूस तोंडाने सांगू शकेल असा असतो. दहा, बारा, पाऊण. आणि तुम्ही खाली चिन्हांची यादी दिलीय, त्यात सगळीकडे मोठा आकडा आधी आहे, लहान नंतर. इथेच पाच आधी आणि शंभर नंतर कसे?"

मॅडम गप्प झाल्या. मग काकांनी विचारलं, "आपल्या लेण्यात हजाराच्या चिन्हाला आडवी रेघ जोडून दोन हजार करतात, तसं तर नाही ना काही? जोडाक्षर फुटलं असेल."

त्या रात्री मॅडमनी वही काढली. पाचशे आणि पन्नास. बरोबर दहा टक्के. परिच्छेद गेला. मग घाबरून सगळाच तक्ता वहीशी ताडला, तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली, ती मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते. फुटलेल्या दगडावरची गेलेली अक्षरं संपादक अंदाजाने भरतात आणि ती चौकटी कंसात दाखवतात. टाइप करताना अथेन्सच्या हिशेबातले कंस काही ठिकाणी गळले होते. म्हणजे संपादकाचा अंदाज आणि दगडावरचा आकडा तक्त्यात एकाच रांगेत, एकाच तोऱ्यात उभे होते.

इथे निर्णयाचा क्षण आला. प्रबंधात गुपचूप दुरुस्ती करून ठरल्या तारखेला सादर करता आला असता. सरांचं म्हणणं तेच होतं. संग्रह कोण वाचतो, आणि वाचला तर ग्रीक कोणाला येतं? शिवाय दोन महिन्यांनी एका अनुदानित कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती. पीएच.डी. हातात असती तर गुण वाढले असते. तशा जागा आमच्या विषयात किती निघतात ते तासिकेवर असलेल्या कोणालाही विचारा.

मॅडमनी सादरीकरण सहा महिने पुढे ढकललं, सगळे आकडे आवृत्तीशी पुन्हा ताडले, संग्रहाच्या संपादकांना पत्र लिहिलं आणि प्रबंधात तळटीप घातली: याआधी छापलेल्या लेखातला अमुक परिच्छेद माझ्या वाचनातल्या चुकीवर उभा होता, तो मागे घेत आहे. संपादकांकडून उत्तर आलं नाही. मुलाखत पीएच.डी.विना झाली आणि जागा दुसऱ्याला गेली.

निष्पत्ती

पदवी मिळाली. पहिल्या नोंदणीपासून मोजलं तर नवव्या वर्षी. बहिस्थ परीक्षकांपैकी एकाने तळटिपेबद्दल अहवालात दोन चांगल्या ओळी लिहिल्या, दुसऱ्याच्या अहवालात तिचा उल्लेखही नाही. मौखिकीत मुख्य प्रश्न आला तो असा की शीर्षकात 'प्रभाव' का नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, एक्केचाळिसाव्या वर्षी, जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कायम नोकरी लागली. तिथे त्या आधुनिक महाराष्ट्र आणि पर्यटन शिकवतात. ग्रीक इतिहासाला वर्षात चार-पाच तास मिळतात, तेही प्राचार्यांची मर्जी असेल तर. प्रबंधातलं डीलॉस आणि गोवर्धनचं प्रकरण इंग्रजीत लेख करून एका नियतकालिकाला पाठवलं. दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा मोठ्या दुरुस्त्यांसह स्वीकारलं गेलं. ते नियतकालिक तेव्हाच्या यूजीसी यादीत नव्हतं, त्यामुळे बढतीच्या फॉर्ममध्ये त्याचा गुण शून्य.

काका आता ग्रीक अक्षरं शिकत आहेत. वय अठ्ठ्याहत्तर.

वेगळं काय करता आलं असतं

भाषेसाठी सलग एक वर्ष मिळायला हवं होतं, यात दुमत नाही. ते वर्ष मॅडमनी काढायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे. तासिकेवरच्या शिक्षकाला अभ्यासरजा मिळायची सोय नसेल तर ते वर्ष आकाशातून पडत नाही.

तपासणीचं मात्र वेगळं करता आलं असतं, आणि तेही नाशिकमध्येच. "इथे ग्रीक कोणाला येतं?" हे वाक्य आम्ही सगळे म्हणत होतो. समिती विषय नाकारताना म्हणत होती, सर दुरुस्ती लपवताना म्हणत होते, मॅडम कच्चं लेखन कोणाला दाखवायचं टाळताना म्हणत होत्या. प्रत्यक्षात चूक पकडायला ग्रीक लागलंच नाही. व्याज कळणारा माणूस लागला आणि जोडचिन्ह पाहिलेला डोळा लागला. नोंदणीच्या वेळी समितीने मार्गदर्शकाच्या नावाबरोबर तीन वाचकांची नावं मागितली असती, एक हिशेब कळणारा, एक कोरीव लेख वाचणारा आणि एक दूरचा, पत्राने ग्रीक तपासणारा, तर तो परिच्छेद छापलाच गेला नसता. दूरचा वाचक मिळणं अवघड नव्हतं. लेख परत पाठवणाऱ्या परीक्षकांनी नाव न सांगता चार-चार पानांच्या सूचना दिल्या होत्या. तशी चार पानं आधी मागता आली असती.

आणि टाइप केलेल्या प्रतीवरून तक्ता करायचा नाही, वहीवरून करायचा. हे मी आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, विषय पेशवाई असला तरी.

माझा स्वतःचा सल्ला, विषय बदलण्याचा, याची किंमत मी दोन वर्षं अशी मांडली होती. हे टिपण छापण्याआधी मॅडमना वाचायला दिलं. त्यांनी बाकी कशाला हात लावला नाही, फक्त तिथे पेन्सिलीने फुली मारली. फोनवर म्हणाल्या, "सर, ती दोन वर्षं वाया गेली असं लिहू नका. त्या दोन वर्षांत मी ब्राह्मी शिकले नसते तर काकांकडे गेलेच नसते. आणि काका म्हणाले ते जोडाक्षर मला कळलंही नसतं."

मी म्हणालो, पण तुमचं ग्रीक मागे पडलं ना.

"पडलं," त्या म्हणाल्या. "ते अजून भरून काढतेय. सध्या थ्युसिडिडीसचा सातवा खंड चालू आहे. सिराक्यूज. दिवसाला बारा ओळी होतात."